पारा मारणारे मधुकरराव

इतवारीच्या सराफ्यात दागिने घडवणाऱ्या मधुकररावांचा हात इतका साफ, की सांधा कुठे जुळवला ते दुसऱ्या कारागिराला भिंगातूनही दिसत नसे. पण लोकांचं सोनं घडवण्यात त्यांचं मन रमलं नाही. पारशिवनीकडच्या एका बुवानं सांगितलं, की पारा नीट मारला, म्हणजे भट्टीत त्याचं भस्म केलं, तर तांब्याचंही सोनं होतं. तेव्हापासून ती किमया डोक्यात बसली ती बसलीच.

दोन खोल्यांच्या घरात त्यांनी खिडकीशी भट्टी लावली. संध्याकाळी कामावरून आले, की मुशीत पारा, गंधक आणि कसल्याशा पाल्याचा रस घालून बसायचे. पलीकडच्या खोलीत बायको प्रेमिला ब्लाऊज शिवायची. त्यांची कमाई भट्टीत जायची; तिच्या शिलाईवर घर चाललं, मुलगी मेघा नर्स झाली. या धुरानं तोंडाची चव जाते, एवढंच ती कधीमधी म्हणायची. दार लावून घे, असं ते सांगायचे. दाराखाली चार बोटं फट होती, आणि खिडकीतला वारा धूर तिकडंच ढकलायचा.

भट्टी लावल्याच्या बाराव्या वर्षी प्रेमिलाला सुईत दोरा ओवता येईना. हातातल्या कपातला चहा हिंदकळू लागला. ती उगाच रडायची, शेजारणींची नावं विसरायची. वय झालं, असं मधुकरराव म्हणाले. ती सत्तेचाळीसची होती.

शेवटी मेघानंच तिला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, घरात काय जाळता? मेघा परत आली ती थेट भट्टीपाशी गेली.

"बाबा, आईच्या अंगात पारा हाय. तुमचा."

त्याच दिवशी त्यांनी भट्टी फोडली. महिन्याभरात घर बदललं. पण प्रेमिलाच्या हातांचा कंप काही थांबला नाही. मधुकररावांनी काम अर्ध्या दिवसावर आणलं आणि कणीक मळायला, तिची वेणी घालायला, तिला भरवायला शिकले. तिनं शेजारी बसून सांगायचं, यांनी ब्लाऊज शिवायचे. बाही चुकली की ती बोल लावायची, ते निमूट उसवायचे. मेघा मात्र आईपुरती यायची आणि जायची.

एकदा जेवता जेवता प्रेमिला म्हणाली, "अजी, बारा वर्षं वाट पाह्यली, का हे एकदा तरी माह्याकडं पाहतील. आता रोज पाहता, तं मले राग येते."

"येऊ दे वं," ते म्हणाले आणि पुढचा घास केला.

नऊ वर्षं हे असंच चाललं. गेल्या पौषात प्रेमिला गेली.

मागच्या महिन्यात काटोलहून एक जण किमयेची रीत विचारत आला. मधुकररावांनी त्याला बसवून प्रेमिलाचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, पण तांब्यावर सोन्याचा रंग चढला होता का कधी?

"एकदा चढला होता," मधुकरराव म्हणाले. "ती आत शिवत होती. मी तिले दाखवालेही बोलावलं नाही."