पाणी जाईल तिकडे खुर्ची

गोदूबाईंनी चाळीस वर्षं मिठागरात काढली आणि पाय नेला साखरेनं. डावा, गुडघ्याखालून. हा विनोद त्या स्वतः करतात. दुसऱ्या कुणी केला तर त्याच्याकडे अशा बघतात, की तो बिचारा लगेच पावसापाण्यावर बोलायला लागतो.

पेणच्या खाडीकाठचं मिठागर सुटलं आणि त्या लेकीकडे, रोह्याजवळ वरसे गावी आल्या. मिठागरात झाड नसतं. वरून ऊन, खालूनही ऊन. त्यामुळे घरामागचं रान पाहिलं तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. त्या सावलीत जाऊन बसायचं, आणि आपलं आपण जायचं. खुर्चीला चाकं असूनही लोकांना त्यांना उचलायची भारी हौस. लग्नात उचललं, बँकेत उचललं, देवळात तर उत्साहाच्या भरात उलटी प्रदक्षिणा घडवली.

अशात पोपटशेठनं मनावर घेतलं. पोपटशेठ गावातलाच, बांधकामातला माणूस, मनानं मोठा, आणि विचारणं सोडून बाकी सगळं करणारा. त्यानं पायवाट समिती काढली, तिचा अध्यक्ष झाला आणि रानातल्या जुन्या ऐनाच्या झाडापर्यंत सिमेंटची वाट केली. ‘चाकाच्या खुर्चीसाठी खास’ अशी पाटी लावली. उद्घाटनाला पाहुणे, फीत, फोटोवाला आणि पहिल्या मानकरी गोदूबाई.

फीत कापण्याआधी फोटोसाठी त्यांना फितीखालून थोडं पुढे जायला सांगितलं. त्यांनी चाकं ढकलली. खुर्ची दहा हात गेली आणि उजवीकडे वळून गटारात डोकावू लागली. लेकीनं, रोहिणीनं, ती मागे आणली. पुन्हा तेच. चाकात दोष आहे, असं पोपटशेठनं जाहीर केलं. गोदूबाईंनी पाण्याची बाटली मागितली आणि वाटेवर ओतली. पाणी सरळ आडवं धावत गटारात गेलं.

“पोपटा, वाट कुनासाठी केलीस?”

“तुझ्यासाठीच गो आये.”

“नाय. पान्यासाठी केलीस. बघ कसं मजेत चाललंय.”

पोपटशेठचंही खोटं नव्हतं. आपल्याकडच्या पावसात जे बांधायचं ते एका अंगाला कलतं बांधायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. मिठागराची रीत नेमकी उलटी. तिथे पाणी हलता कामा नये. वाफा बोटभर कलला तर मीठ एका कोपऱ्यात आणि शिव्या सगळीकडे. गोदूबाईंनी वाफे टाचेनं तुडवून सपाट केलेले. टाच गेली होती, अंदाज नव्हता गेला.

वेळ निघून चालली म्हणून पोपटशेठनं चार दणकट पोरांना खूण केली. गोदूबाईंनी फितीखालीच, ती बांधलेल्या दोन दगडी खांबांच्या मधोमध खुर्ची उभी केली आणि ब्रेक लावला.

“चौघांनी उचलायची येळ येईल तवा मी काय बोलनार नाय,” त्या म्हणाल्या. “आज बोलनार. वाट सपाट होईतो इथनं कोन आत जानार नाय.”

पोरं जिथल्या तिथे थांबली. पाहुण्यांनी कात्रीची धार तपासली. जेवणवेळेपर्यंत गोदूबाई हलल्या नाहीत. शेवटी मंडळी बटाटेवडे खाऊन घरी गेली. फीत तशीच राहिली.

मग तीन आठवडे वाट उखडली, पुन्हा घातली. पाणी जायला मध्ये मध्ये जाळीखाली पन्हळ काढली. गोदूबाई रोज बाटली घेऊन हजर. पाणी जागेवर थांबलं तर पास, चाललं तर नापास. पोपटशेठ तीनदा नापास झाला. पहिल्यांदा रुसला, दुसऱ्यांदा गवंड्यावर ओरडला, तिसऱ्यांदा बाटली स्वतःच भरून घेऊन आला.

शेवटी त्या निघाल्या. फीत नव्हती, फोटोवालाही नव्हता. ऐनाजवळ थोडा चढ आहे. तिथे खुर्ची अडली. मागून पोपटशेठचे दोन्ही हात आपोआप पुढे आले.

“हात खिशात,” मागे न बघता त्या म्हणाल्या.

त्यानं हात खिशात घातले. खुर्ची वीतवीत वर गेली आणि सावलीत थांबली. गोदूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. बराच वेळ त्या वर पानांकडे बघत राहिल्या. आता तरी खूश ना, असं पोपटशेठनं हळूच विचारलं.

त्यांनी मान खाली केली. ऐनापासून खाली ओढ्याकडे समितीनंच बांधलेल्या दगडी पायऱ्या उतरत होत्या.

“ह्या कुनासाठी केल्यास?”

पोपटशेठनं खिशातले हात बाहेर काढले, त्यांच्या मांडीवरची रिकामी बाटली उचलली आणि ओढ्यावर भरायला गेला.