मनकर्णाबाईंचा लायटर

ज्योत्स्नाला आता ही गोष्ट आठवली की ती आपल्याच कपाळावर हात मारून हसत सुटते. पहिल्या दिवशी मनकर्णाबाईंच्या घरातून निघाली, तेव्हा तिने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता: बाई पार गेल्या, डोक्यात काही उरलं नाही. आणि हे कोणाबद्दल? गल्लीतलं कुठलं भांडण कोणी सुरू केलं आणि मध्ये कोण पडलं, हे जिला तोंडपाठ, तिच्याबद्दल!

ही ज्योत्स्ना फोपनार गावच्या केळीवाल्यांची पोर. शिकली-सवरली, बोलायला गोड, फक्त घाई फार. इंदूरच्या डॉक्टर प्रतिभा मॅडम म्हातारपणच्या विसराचं संशोधन करतात. कोणाला विसर लवकर पडतो, कोणाला उशिरा, कशामुळे. त्यांच्यासाठी ही पोर स्कूटीवर टॅब घेऊन बुऱ्हाणपुरात घरोघर फिरते आणि म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारते. आज वार कोणता, हे शब्द ऐका, आता तेच परत सांगा. तोंडाला ओढणी अशी गुंडाळलेली की सख्ख्या आईनं ओळखू नये. इथल्या सगळ्याच स्कूटीवाल्या पोरी तशा गुंडाळतात. घरात गेलं की सोडतात म्हणा, पण मनकर्णाबाईंच्या घराच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना. दिवसभर खटाखट खटाखट, आणि अंगणात कापसाचा भुसा उडत असतो. नाकात जाऊ नये म्हणून ज्योत्स्नाने ओढणी तशीच ठेवली.

मनकर्णाबाई ओट्यावर बसलेल्या. ओट्यावरून सगळी गल्ली दिसते, पार टोकाच्या कचोरीच्या गाडीपर्यंत.

"आजी, तुम्हाला ऐकू नीट येतं ना?" टॅबवर पहिला प्रश्नच तो होता.

मनकर्णाबाईंनी मान हलवली. हो. ज्योत्स्नाने टॅबकडे बघतच 'हो'वर बोट दाबलं आणि पुढे शब्द वाचायला लागली. बाई तिच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ज्योत्स्ना मान वर करी तेव्हा बाई पुढे वाकलेल्या दिसत, जणू ओढणीला भोक पाडून आत बघणार आहेत. शब्द विचारले तर म्हणाल्या, "कविता घरातच आहे." वार विचारला तर पुन्हा मान हलवली. हो.

कविता म्हणजे सून. ती बिचारी दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. निघताना तिने विचारलं, "मॅडम, चहा टाकू?"

"नको, उपवास आहे," असं हात हलवून, मग देवाला जोडून खुणावत ज्योत्स्नाने पायात चपला घातल्या.

"काही खरं नाही ना?" कविताने हळूच विचारलं. "मागच्या महिन्यात कुकर जाळला त्यांनी. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, आतलं पाणी आटलं, डाळीचा कोळसा झाला, आणि आई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. तेव्हापासून यांनी लायटर कपाटावर ठेवलाय. म्हणाले, डॉक्टर मॅडमचा रिपोर्ट येईपर्यंत आईने गॅसला हात लावायचा नाही. आणि रिपोर्ट खराब आला, तर कायमचाच नाही."

म्हणजे मनकर्णाबाईंचा चहा गेला. तुम्ही म्हणाल, चहाचं एवढं काय? पण चार वाजताचा चहा त्या स्वतः करत. पातेलं त्यांचं, आलं ठेचायची वाटी त्यांची, आणि त्या वेळेला सुनेने स्वैपाकघरात यायचं नाही हा कायदाही त्यांचाच. आता त्या चार वाजता ओट्यावर बसून दुसऱ्याच्या हातचा चहा पीत आणि दर घोटाला तोंड वाकडं करत. नीलेश, त्यांचा मुलगा, वाईट नव्हता हो. घाबरला होता. घाबरलेला मुलगा आईवर जेवढी सक्ती करतो तेवढी सासूसुद्धा करत नाही.

संशोधनाचा नियम असा, की काही दिवसांनी तीच माणसं पुन्हा तपासायची. ज्योत्स्ना दुसऱ्यांदा आली. त्या दिवशी उकडत होतं म्हणून ओढणी गळ्यात. दारातच कविता भेटली. मनकर्णाबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, नळाशी. शेजारी माग जोरात. ज्योत्स्ना कविताच्या कानाशी जवळजवळ कुजबुजली, "ताई, मी खोटं नाही सांगणार. आजींची केस बरीच पुढे गेलेली वाटते."

नळापासून आवाज आला, "पुढे तूच गेली असशील, बिनसाखरेच्या तोंडाची! माही केस जागेवर आहे."

दोघी जागच्या जागी थिजल्या. कविताने ज्योत्स्नाकडे पाहिलं, ज्योत्स्नाने कविताकडे. जे कविताला धड ऐकू आलं नव्हतं, ते अंगण ओलांडून, मागांच्या खटाखटीतून, बाईंना कळलं होतं!

"आजी," ज्योत्स्ना तिथूनच, आवाज न काढता, नुसते ओठ हलवत म्हणाली, "तुम्हाला मी काय बोलते ते दिसतं?"

"मंग? आंधळी आहे का मी?"

आता ऐका. मनकर्णाबाईंनी सगळा जन्म कारखान्यात कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. मागावर त्यांचा नवरा, सुपडूभाऊ. त्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? तिथे सगळे तोंडाकडे बघून बोलतात. सुपडूभाऊ आणि मनकर्णाबाई तर सगळ्यांच्या देखत भांडायचे, रुसायचे, समजूत काढायचे, आणि मालकाला वाटायचं दोघं काम करताहेत. असं करता करता कान केव्हा गेले, बाईंनाच कळलं नाही. घरात सुपडूभाऊ होते तोवर चाललं. पाहुण्याने काही विचारलं की ते समोर येऊन ओठांनी तेच परत सांगायचे. ते गेले आणि तोंड समोर करून बोलणारं माणूसच घरात उरलं नाही. कविता पोळ्या लाटता लाटता बोलते. नीलेश बूट घालता घालता. नात तर मोबाईलशी बोलते की आजीशी, तेही कळत नाही. बाईंनी एक युक्ती शोधली: कळलं नाही की मान हलवायची. हो. आणि घरच्यांना वाटलं, सुपडूभाऊ गेल्याच्या दुःखानं आईचं डोकं चालेनासं झालं.

"मग ऐकू येत नाही हे सांगायचं नाही का?" कविता समोर येऊन म्हणाली. पहिल्यांदाच अगदी समोर येऊन.

"तुम्ही लोकच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलता," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले काय माहीत माहे कान गेले? मले वाटलं तुमचे आवाज गेले."

ज्योत्स्नाने गल्लीत उभं राहून मॅडमना फोन लावला. पलीकडून जे मिळालं ते तिने आजवर कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही. थोडक्यात असं: ओढणी सोडायला काय झालं होतं? मग मॅडम शांत झाल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, ऐकू कमी येणं आणि विसर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ज्यांना वर्षानुवर्षं नीट ऐकू येत नाही, त्यांना पुढे विसराचा धोका जास्त असतो, असं दिसतं. माणूस बोलण्यातून बाजूला पडतो ना. तेव्हा आधी कान तपासा, मग परीक्षा. आणि त्या गल्लीत तू जेवढ्या कारखान्यातल्या म्हाताऱ्यांना तपासलंस, त्या सगळ्यांकडे परत जा. तोंड उघडं ठेवून."

नीलेशने कानाच्या डॉक्टरला दाखवलं. मशीन आलं. मनकर्णाबाईंनी ते कानात घातलं आणि पहिल्याच दिवशी घरात कहर झाला. "कविता, तू एवढी पाय आपटत चालते? अन् नील्या, तू चहा पितो की विहीर उपसतो?" दोनदा काढून डब्यात टाकलं, दोनदा नातीने परत घातलं. मागांचा आवाज आला, तेव्हा मात्र मशीनला हात लावला नाही. थोडा वेळ भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हा तिसरा माग लंगडतो आहे. त्यांनी कधी चालू दिला नसता असा."

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी ज्योत्स्ना अगदी समोर, ओढणी पर्समध्ये. मनकर्णाबाईंनी वार सांगितला. शब्द सांगितले, पण सगळे नाही. एक नुसता ओठांवर येऊन अडकला. बाईंनी डोळे मिटले, बोटांनी हवेत कांडी फिरवल्यासारखं केलं, तरी नाही आला. पहिल्यांदाच त्या ज्योत्स्नाला घाबरलेल्या दिसल्या. नजर स्वैपाकघरातल्या कपाटाकडे गेली.

"आता नाही देणार ना लायटर?" त्यांनी विचारलं.

ज्योत्स्नाने त्यांचा हात धरला. पण 'देतील' असं खोटं नाही बोलली.

मॅडमचा निरोप आला: थोडा विसर आहे. या वयात इतका असू शकतो, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मशीन रोज घाला, आजींशी समोर बसून बोला, आणि त्यांची कामं त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

नीलेशने निरोप दोनदा वाचला. मग स्टूल ओढलं, कपाटावर हात घातला, आणि लायटर काढून आईच्या समोर, अगदी समोर येऊन, हातात दिला. "गॅस पेटवताना मशीन कानात पाहिजे. आणि कुकर कविता लावेल."

"कुकर कोणाले पाहिजे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कविता, बाहेर हो."

चार वाजले होते. आलं ठेचल्याचा आवाज आला. त्यांनाही आला असावा, कारण त्या उगाच जास्तच ठेचत होत्या. कप भरून ओट्यावर आले. ज्योत्स्नाने घोट घेतला, डोळे मिटले आणि गोड बोलायला म्हणून बोलून गेली, "वा आजी! पहिल्या दिवशी प्यायले होते, अगदी तीच चव."

"पहिल्या दिवशी तू चहा घेतलाच नाही."

"घेतला होता, आजी. मला चांगलं आठवतं."

"नाही घेतला. लायटर कपाटावर होता, मी कुठून देईन? अन् कविता देत होती, तर तू हात हलवून उपवास म्हणाली."

"बरं, उपवास असेल. तेच म्हणते मी..."

"उपवास?" मनकर्णाबाईंनी कप खाली ठेवला. "इथून निघाली, अन् तिथं टोकाले गाडी थांबवली. तोंडाचं फडकं खाली केलं. कचोरी घेतली. अन् गाडीवाल्याले काय म्हणाली, सांगू? 'भैया, चटणी और डालो.'"

कविता पदर तोंडात कोंबून आत पळाली. ज्योत्स्नाने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं, मग मनकर्णाबाईंकडे पाहिलं, आणि तोंडावर ओढणी ओढायला हात गळ्याशी नेला. ओढणी पर्समध्ये होती.

"एकच कचोरी होती आजी," ती पुटपुटली.

"दोन," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.