गाइडवाली होडी

साडीच्या दुकानात बसणाऱ्या बाईला 'नाही' ऐकायची सवय असते. वर्ध्यात आमचं दुकान आहे, लहानसंच. लग्न होऊन आले तेव्हापासून गादीवर मी बसते, नवरा माल आणि हिशेब बघतो. गिऱ्हाईक बाई म्हणते, "नको, मी नुसती पाहून राह्यली." म्हणजे अजून दाखवा. पुन्हा म्हणते, "नको, रंग नाई आवडला." म्हणजे भाव सांगा. तिसऱ्यांदा नको म्हणून पायात चपला घातल्या, तर ते खरं नको. तोवर घड्या उलगडत राहायच्या.

घरीही तेच. आमच्या नालवाडीच्या घरी जेवायला आलेला पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, "बस, बस, लय झालं" म्हणतो, आणि आपण त्याच्या बोटांच्या फटीतून पोळी सरकवतो. तो हसतो आणि खातो. पहिल्या नाहीवर हात मागे घेणाऱ्या घराची नंतर वर्षभर चर्चा होते. मीसुद्धा केलेली आहे ती चर्चा, अगदी चवीनं.

आमची एकुलती एक मुलगी जर्मनीत ट्युबिंगन नावाच्या गावी पीएचडी करते. गावात कित्येक शतकांपासूनचं विद्यापीठ आहे आणि मधून नेकार नावाची नदी वाहते. त्या नदीत लांब, सपाट लाकडी होड्या फिरतात. त्यांना वल्हं नसतं. चालवणारा मागच्या टोकाला उभा राहतो, एक भली लांब काठी नदीच्या तळाला टेकवतो आणि होडी पुढे रेटतो. हे सगळं मला आमच्या दुकानात बसून कळलं, जायच्या महिनाभर आधी. दुपारची वेळ होती, दुकानात चिटपाखरू नव्हतं आणि मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, तुमी इथं आले की डोंग्यात बसाचं का? आतापासूनच बुक करा लागते."

"बसू ना. कसा असते डोंगा, दाखव."

आता मला कोणतीही वस्तू दाखवायची म्हणजे नीट दाखवावी लागते. मी तिला एकेका होडीचे फोटो पाठवायला लावले. हिच्यात पाठ टेकायला फळी आहे का, तिच्यात गाद्या आहेत का, पाऊस आला तर वर काही ताणतात का. नवरा बाजूला बसून म्हणाला, "आज समजलं तुले, गिऱ्हाईक कसं असते ते?" मी लक्ष दिलं नाही.

शेवटी मुलीनं दम खाऊन तीन प्रकार सांगितले. "एक गाइडवाली. दहा-बारा लोकं बसतात, गाइड इंग्लिशमध्ये सगळं गाव समजावून सांगते. दुसरी म्हणजे पूर्ण डोंगा आपल्यासाठीच घ्याचा, चालवणारा त्यायचाच असते. आणि तिसरी..." ती जरा थांबली. "आमच्या होस्टेलचा एक डोंगा हाय. तो मले चालवता येते आता. मीच फिरवीन तुमाले."

"तू?" मला हसू आवरेना. "वो माय! तुले तव्यावरची पोळी उलटवता येत नाई धड, डोंगा काय चालवतं? आमाले काय बुडवतं का त्या नदीत? ते गाइडवालीच घे बाई."

नवराही हसला. फोनमध्ये तीही हसली, किंवा मला तसं वाटलं.

"मंग मी पण येऊ काय तुमच्यासंग? लॅबमधून सुट्टी घेतो."

"कायले? तू तुह्यं काम पाह्य. आमी काय लहान लेकरं हावो?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी दुकानात दिवाबत्ती करत होते तेव्हा फोनवर तिकिटं आली. दोन.

मी ती दोन तिकिटं पुन्हा पुन्हा बघत राहिले. बरं? एवढंच? 'नाई आई, मी येणारच' असं नाही, 'असं काऊन म्हणतं' असं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्याच झटक्याला माघार घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं आणि ते निघालं माझ्याच पोटचं.

"तुले ती संगं पाह्यजे होती ना?" नवऱ्यानं विचारलं. बायका उलगडून गेलेल्या साड्यांच्या तो घड्या घालत होता.

"मंग तिले समजाले नको?"

"तू तर नाई म्हटलं."

"म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं का?"

त्यानं साडी कपाटात ठेवली आणि विषय बदलला. मला मात्र तेव्हापासून एकच काळजी लागली. पोरगी तिकडे राहून तिकडची झाली की काय? आईला एकदा विचारून मोकळी होणारी.

आम्ही गेलो. विमानतळावर ती गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि पहिल्याच सकाळी माझा संशय खरा ठरला. "आई, चहा?" तिनं विचारलं. मी सवयीनं म्हटलं, "नको, राहू दे." आणि तिनं खरंच राहू दिला. दोन कप केले, एक तिचा, एक बापाचा. नवरा माझ्यासमोर बसून फुर्रफुर्र चहा पीत होता. "मी तर पहिल्यांदाच 'हाव, दे' म्हणतो," तो हळूच म्हणाला. "इथली पद्धत समजून राह्यलो मी." मला असा राग आला की दुसऱ्या दिवशीही मी नकोच म्हटलं. त्यात माझंच डोकं दुखलं.

दिवस बरे चालले होते तसे. ती सकाळी लॅबला जायची, आम्ही दोघं गावातल्या चढउताराच्या दगडी रस्त्यांवरून फिरायचो, बाकावर बसून चिवडा खायचो. संध्याकाळी ती यायची, मी केलेली वांग्याची भाजी खाऊन डोळे मिटायची. प्रेमात काही कमी नव्हतं. पण मी इतक्या लांब आले होते ती काही घरं आणि चर्च बघायला नाही. मला ती हवी होती, दिवसाउजेडी, एक पूर्ण दिवस, माझ्या शेजारी. आणि हे तोंडानं मागायचं मला जमत नव्हतं. आईनं काय मागून घ्यायचं?

होडीच्या दिवशी ती आम्हाला नदीपर्यंत सोडायला आली. पाठीला तिची लॅबची पिशवी. काठावर लोक जमले होते, होडी चालवणारा पोरगाच गाइड होता, तो काठी हातात घेऊन उभा होता.

"आई, खरंच नको ना मी यायला?" तिनं विचारलं. "जागा असंन तर तिकीट काढतो अजून."

हे दुसऱ्यांदा होतं. माझं मन नुसतं उसळलं. आता अजून एकदा, बस अजून एकदाच विचार, असं मनात म्हणत मी तोंडानं म्हणाले, "नाई, नाई. जा तू. उशीर होईन तुले."

ती गेली. पुलाच्या पायऱ्या चढून गेली, मागे वळून हात केला आणि दिसेनाशी झाली. मी होडीत बसले. माझ्या बाजूला एक जागा रिकामीच होती.

होडी छान होती, हे कबूल करायला हवं. फळीला पाठ टेकून बसायचं, हात बाहेर काढला की पाणी बोटांना लागतं. पवनारला धाम नदीच्या खडकांवर बसून पाण्यात पाय सोडण्यापलीकडे आमच्या घरात कुणाचा नदीशी संबंध आलेला नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी देवाचं नाव घेत होते. मग भीती गेली. काठानं रंगीत घरं एकमेकांना खेटून उभी होती. मध्ये झाडांनी भरलेलं एक लांबोळकं बेट होतं आणि त्याला वळसा घालून होडी परत यायची होती. गाइड एक पिवळा मनोरा दाखवून बराच वेळ काही सांगत होता. लोक हसायचे, मग नवरा हसायचा, जरा उशिरा.

"काय म्हटलं त्यानं?" मी विचारायचे.

"काही नाई, चांगलं म्हटलं."

बेटाच्या टोकाशी समोरून दुसरी एक होडी आली. तिच्यावर गाइड नव्हता. मागे उभी राहून एक मुलगी होडी चालवत होती, आमच्या मुलीच्याच वयाची, केस वर बांधलेले, पाठ घामानं ओली. तिच्या पायापाशी एक बाई बसली होती, नक्की तिची आई. तिचा एक हात होडीच्या कडेला घट्ट, आणि तोंड उलट दिशेला, म्हणजे आपल्या मुलीकडे. मनोरा तिच्या पाठीमागून गेला. घरं गेली. बाईनं एकदाही वळून बघितलं नाही. ती काठी पाण्यात जायची, तळाला लागायची, मुलगी अंगाचं वजन टाकून रेटायची, आणि त्या बाईचा जीव प्रत्येक वेळी त्या काठीबरोबर खाली जाऊन वर यायचा. हे मला तिच्या नुसत्या मानेवरून कळत होतं.

नवराही बघत होता. ती होडी मागे गेल्यावर तो म्हणाला, "आपली पोरगी बी असीच चालवत असंन."

मी पाण्यातला हात आत घेतला.

"तिनं तसं म्हटलं होतं. मीच फिरवीन म्हणे. तू गाइडवाली घे म्हटलं."

"मी मस्करी केली होती."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "तिले कसं मालूम असंन?"

मी इतके दिवस तिचं विचारणं मोजत बसले होते, की ती एकदाच विचारते, दोनदाच विचारते. आणि मी हसून जे उडवून लावलं, ते नाही नव्हतं तर काय होतं? तिच्या दुकानात जाऊन, तिनं सगळ्यांत जपून ठेवलेली घडी उलगडायच्या आतच मी चपला घातल्या होत्या.

होडीतून उतरल्या उतरल्या मी फोन लावला. नवरा म्हणाला, "कामात असंन ती." मी म्हटलं, "असू द्या."

"काय झालं आई? बरं हाय ना?"

"बरं हाय. तो तुमच्या होस्टेलचा डोंगा हाय ना? त्यात बसव आमाले."

ती म्हणाली, "नाई आई, राहू दे. झाली ना आता नदी फिरून."

मी काठावरच्या बाकावर बसले. तो सूर मी ओळखत होते. जन्मभर तो सूर ऐकून मी साड्या विकल्या आहेत. अगदी आपल्या वर्ध्याचं, पहिल्या नंबरचं 'राहू दे' होतं ते, ताटावर आडव्या धरलेल्या हातासारखं. पोरगी कुठेही गेली नव्हती.

"नदी झाली, तू कुठं झाली? मले तुह्या डोंग्यात बसाचं हाय."

"तू घाबरशीन उगाच."

"घाबरीन. मंग?"

"आई, तो जुना डोंगा हाय, गाद्या नाईत, गाइडसारखं मले काही सांगता येत नाई..."

"मी तुले गाइड मागून राह्यली का?"

लहानपणी रुसल्यावर यायचा तसा तिचा आवाज आला. "तू हसली होती आई. मी मागच्या उन्हाळ्यात शिकली ते. तुमी येसान तेव्हा फिरवीन म्हणून. पाण्यात दोनदा पडली मी शिकता शिकता."

माझे डोळे भरून आले आणि मी ते कुणापासून लपवले नाहीत. तिथे कुणी आपल्याकडे बघत नाही, हे त्या गावाचं एक चांगलं आहे.

"चुकली माय मी," मी म्हटलं. "आता ने."

ती संध्याकाळी घेऊन गेली. तिकडे जूनमध्ये जेवणाची वेळ टळली तरी ऊन असतं. होडी खरंच जुनी होती, एका फळीला खिळा वर आलेला. नवरा पुढच्या बाजूला बसला. मी मात्र तिच्याकडे तोंड करून, तिच्या पायांपाशी बसले आणि एका हातानं कड धरली. तिनं काठी तळाला टेकवली, ओठ दाताखाली धरला आणि रेटलं. होडी आधी वाकडी गेली, मग सरळ झाली.

"आई, मागं पाह्य ना, तो पिवळा मनोरा आला."

"पाह्यला मी दुपारी. तिकीट काढून पाह्यला."

"अवं, पण आता ऊन पडलं त्याच्यावर. पाह्य तर!"

मी काही मान वळवली नाही. तिचे दंड किती बळकट झाले होते. मनगटावर एक ओरखडा होता, त्याचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. काठी वर येताना पाण्याची धार तिच्या बाहीवरून कोपरापर्यंत यायची आणि पोर ती झटकायचीही नाही, इतकं तिचं लक्ष नदीकडे होतं.

बेटाला वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा ती धापा टाकत होती. केस कपाळाला चिकटलेले, हातांचे तळवे लाल. तिनं काठी टेकवून होडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, अजून एक चक्कर मारू काय?"

पोर दमली होती. माझ्या तोंडात आपलं नेहमीचं 'नाई, नाई, बस झालं' अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"मार," मी म्हटलं.