हेमराजभाऊंची वेज

जवाहरनगरच्या वसाहतीत हेमराजभाऊंचं नाव निघालं की लोक त्यांच्या लांब फटक्याचं सांगायचे. भाऊ मूळचे जवळच्याच शहापूरचे, धानाची शेती करणाऱ्या घरातले. आयटीआय करून कारखान्यात लागले आणि क्वार्टरमध्ये राहायला आले. तिथे नऊ होलांच्या लहानशा मैदानावर त्यांना गोल्फचा नाद लागला, तो कायमचा. अंगात ताकद भरपूर. पहिल्याच फटक्यात चेंडू मोहाच्या झाडांवरून पलीकडे जायचा आणि बघणारे मान वर करून बघत राहायचे. जवळच्या खेळाची मात्र त्यांना कधी फिकीर नव्हती. चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीच्या, तोंडाशी नेऊन ठेवला की पुढचं कसंही उरकायचं, असा त्यांचा हिशोब.

पन्नाशी ओलांडली आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या डाव्या हातातला मग खाली पडला. उचलायला वाकले ते तिथेच बसले. अर्धांगाचा झटका होता. नागपूरचा दवाखाना झाला, व्यायाम झाले, पाय सावरला. कारखान्यात हलकं काम मिळालं. डाव्या हाताची पकड तेवढी पूर्ण आली नाही. घट्ट धरलेली वस्तू मधेच सैल व्हायची आणि भाऊंना ते सुटल्यावर कळायचं.

त्यांनी मैदानाकडे जाणं सोडलं. बाजाराचा रस्ता मैदानावरून जातो म्हणून ते लांबच्या वळणाने जायचे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, पण काय बघितलं ते विचारलं तर सांगता येत नसे. त्यांच्या पत्नी बेबीबाईंनी हे बरेच दिवस पाहिलं आणि मग शेजारच्या मधुकररावांना गाठलं. मधुकरराव म्हणजे कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले गृहस्थ, भाऊंचे जुने खेळगडी. ते दुसऱ्याच दिवशी आले. हिवाळ्यात जोड्यांचा सामना असतो, त्यात माझ्यासोबत खेळ म्हणाले. लांबचं आता दोघांनाही जमत नाही, तेव्हा जवळचं पक्कं करू, असंही म्हणाले. भाऊ नाही म्हणायच्या आत बेबीबाईंनी त्यांचे बूट बाहेर आणून ठेवले होते.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. भाऊंची जुनी वेज, म्हणजे जवळच्या फटक्याची काठी, पोलादी दांड्याची, जड. चेंडू उचलून हळूच ग्रीनवर टाकायचा तर एक तर काठी मागच्या मातीत रुतायची, नाही तर कडेने लागून चेंडू सशासारखा ग्रीनपार पळायचा. त्यांची मुलगी गुड्डी नागपूरला नोकरीला होती. तिने मोबाईलवर बघून साठ अंशांची, अगदी मागे झुकलेल्या तोंडाची वेज पाठवली. त्या काठीने चेंडू सरळ वर जायचा आणि पुढ्यातच पडायचा. मग मधुकररावांनी आपली एक दिली. आता पिशवीत तीन वेज झाल्या आणि भाऊंचं दुखणं आणखी वाढलं. एक काढायचे, पवित्रा घ्यायचे, परत ठेवायचे, दुसरी काढायचे.

"हेमराज," मधुकरराव एकदा म्हणाले, "तू चेंडूकडं कमी अन् पिशवीकडं जास्त पाहून राहिला."

दवाखान्याच्या फेरीला नागपूरला गेले तेव्हा भाऊ जुनी वेज घेऊन खेळसामानाच्या दुकानात शिरले. दुकानदाराने आधी विचारलं, तुमचं मैदान कसं आहे. भाऊ म्हणाले, पावसाळ्यात रोवणीच्या बांधीसारखं चिखलाचं आणि बाकीचे महिने भाजलेल्या विटेसारखं. मग त्याने भाऊंची जुनी वेज उलटी करून तिचा तळ दाखवला. तळ जाड आणि फुगीर होता. वाळूत तो चांगला, पण कडक जमिनीवर आपटून वर उसळतो आणि चेंडूच्या पोटात बसायच्या ऐवजी डोक्यात बसतो. साठ अंशांच्या वेजला जोरात आणि पूर्ण हात फिरवावा लागतो, तेही भाऊंच्या कामाचं नव्हतं. बऱ्याच काठ्या हाताळल्यावर बावन्न अंशांची एक निघाली. तळ बेताचा, दांडा हलका. तिची मूठ त्याने काढून जाड बसवून दिली, म्हणजे सैल पडणाऱ्या बोटांना धरायला अंग मिळेल. भाऊंनी ती धरली तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा डाव्या हातात काही नीट भरल्यासारखं वाटलं.

पण काठी बरोबर निवडली म्हणून चेंडू ऐकतो असं नाही. मैदानावर चार लोक बघतात म्हणून भाऊ सुटीच्या दिवशी शहापूरला जायला लागले. धान कापून झालेलं होतं. त्यांचे मोठे भाऊ तेजराम यांच्या मोकळ्या बांधीत, धानाच्या शेतात, ते उभे राहायचे आणि कडेच्या मातीच्या उंच धुऱ्यापलीकडे अंथरलेल्या बारदान्यावर चेंडू टाकायचा प्रयत्न करायचे. बेबीबाई धुऱ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या. निम्मे चेंडू धुऱ्यालाच धडकायचे. हात मागे छान जायचा, खाली यायचा, आणि नेमका चेंडूजवळ आला की थबकायचा.

त्या दिवशी सलग बरेच चेंडू वाया गेले आणि भाऊ काठी टेकवून उभे राहिले.

"काठी बराबर आहे," ते म्हणाले. "मले हाताचा भरोसा नाही. मधातच सुटन असं वाटते, म्हणून मीच थांबवतो."

बेबीबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"तुमी घरी गिलास अर्धाच भरून मांगता," त्या म्हणाल्या. "सांडन म्हणून. अर्धाही सांडते न् पुराही सांडते. मी पाहून राहिली नं रोज. सांडला त पुसता येते. पन अर्ध्यानं तुमची तहान भागत नाही."

पुढचा चेंडू भाऊंनी हात न आवरता मारला. काठी खरोखरच डाव्या हातातून निसटली, पण ती चेंडू गेल्यानंतर. चेंडू धुरा ओलांडून बारदान्याच्याही पुढे गेला होता. भाऊ काठी उचलून परत उभे राहिले. ऊन तिरपं होईपर्यंत ते मारत होते. हात कधी टिकायचा, कधी सुटायचा. थांबवायचं मात्र त्यांनी सोडून दिलं.

सामन्याच्या सकाळी त्यांच्या पिशवीत एकच वेज होती. दोघांपैकी ज्याचे फटके कमी, त्याचा हिशोब जोडीच्या नावावर, असा नियम होता. मधुकररावांनी बरंच निभावून नेलं, पण शेवटच्या होलवर त्यांचा चेंडू झुडपात हरवला आणि सगळा भार भाऊंवर आला. पुढे लहानशी बोडी, पाण्याने भरलेली. तिच्या पलीकडे लगेच ग्रीन.

भाऊंनी हात फिरवला आणि चेंडू बोडीच्या मधोमध पडला.

दंडाचा एक फटका वाढला. बोडीच्या अलीकडे दुसरा चेंडू टाकून भाऊ उभे राहिले. मधुकररावांनी बाजूने वळसा घालून चेंडू नेता येईल असं हळूच सुचवलं. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. तीच काठी, तोच फटका, आणि या वेळीही त्यांनी हात आवरला नाही. चेंडू पाण्यावरून गेला, ग्रीनवर पडून दोनदा उडाला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. भाऊ तो बघायला लगेच गेले नाहीत. काठी दोन्ही हातांत तशीच होती आणि ते डाव्या हाताकडे बघत होते.

सामना त्यांनी एका फटक्याने गमावला. ज्या तरुण जोडीने जिंकला त्यांचं भाऊंनी मनापासून कौतुक केलं. मधुकरराव घरी जाईपर्यंत त्या पाण्यात गेलेल्या चेंडूबद्दल हळहळत होते.

घरी बेबीबाईंनी काय झालं ते विचारलं. हरलो, भाऊ म्हणाले, आणि मग पाण्यावरून गेलेल्या फटक्याचं इतक्या बारकाईने सांगत बसले की चहा निवून गेला. बेबीबाईंना त्यातलं अर्धं कळलं नाही. त्यांनी चहा पुन्हा गरम करायला ठेवला आणि उद्या किती वाजता जाणार तेवढं विचारलं.