पाच आकडी साडू

मी माझ्या मिरचीच्या पथारीची नोंदणी रंगद्रव्यांचा कारखाना म्हणून केली. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. पण ‘वाळवणं’ हा शब्द फारच किरकोळ वाटला आणि ‘कारखाना’ म्हटल्यावर छाती कशी फुगते! या फुगलेल्या छातीतून मला सोडवायला माझे साडूच हवे होते. कारण ज्याला कुठल्याच वर्गात बसवता येत नाही असा धंदा किंवा माणूस या पृथ्वीवर आहे, हे त्यांना मान्यच नाही.

साडू सांख्यिकी खात्यातून निवृत्त. धंद्याधंद्याला सरकारनं दिलेले पाच आकडी कोड त्यांना नातवंडांच्या नावांआधी आठवतात. शहाद्याला एका लग्नात भर पंगतीत त्यांनी आचाऱ्याला धरलं, “तुम्ही हॉलवाल्यांचे की स्वतंत्र? कोड बदलतो.” वरण निवून गेलं, तरी उत्तर मिळेपर्यंत घास नाही. चंपी ही वेगळी सेवा धरायची का, यावर त्यांनी न्हाव्याशी असा वाद घातला की त्यानं अर्धी दाढी तशीच सोडून दिली. हे सगळं ऑफिसच्या शुद्ध मराठीत. अहिराणी फक्त संतापल्यावर.

तर माझी मिरची घेणाऱ्या मसाला कंपनीनं यंदा पुरवठादारांकडून पर्यावरणाचा आणि कामगारांचा अहवाल मागितला. माझ्या कोडमुळे मला रसायनवाल्यांचे प्रश्न आले. चिमणीची उंची किती? सांडपाणी कुठे सोडता? अहवाल पटला नाही तर ऑर्डर रद्द, म्हणजे देठ खुडणाऱ्या बायांचाही हंगाम बुडाला. घाबरून मी कागदावर एक चिमणी उभारली. बायांना हातमोजेही चढवले, कागदावरच.

“साडूभाऊ, चिमणी कुठे आहे?” पथारीवर येऊन साडूंनी विचारलं. मी वर पाहिलं. वर नुसतं ऊन.

“मग इंधन म्हणून तेच लिहा. कोण दिवसभर काय करतं, त्यावरून कोड ठरतो.” असं म्हणून ते नाकाला रुमाल बांधून, शिंकत, बायांमध्ये जाऊन बसले. तिथं जुन्या मंगलाबाईला त्यांनी हातमोज्यांचं विचारलं.

“कसाना हातमोजा, दादा? घर गऊ की लेकरूले हात लावता येत नई, इतकी आग व्हस.”

साडू माझ्याकडे वळले. “खोटं कसाले लिखं रे?”

त्यांनी चिमणी खोडली, कारखाना खोडला, हातमोज्यांपुढे ‘नाहीत’ लिहिलं. “ऑर्डर जाईल हो,” मी म्हणालो. “जाईलही,” ते म्हणाले, आणि अहवाल पाठवून दिला.

ऑर्डर राहिली, पुढचा माल भरायच्या आत हातमोजे द्या, एवढीच अट आली. ते साडूंनीच बाजारातून आणले आणि एकेका बाईच्या हाताला लावून मापं बघितली. “देठ खुडण्याला वेगळा कोड नाही हो,” ते हळूच म्हणाले, जणू ती चूक त्यांचीच होती. “सगळं वाळवण्यातच धरतात.”

वातावरण फार जड झालं म्हणून मी विचारलं, “आणि माझा कोड?”

साडूंनी पेन उघडलं. मंगलाबाईनं मात्र देठ खुडता खुडता वरही पाहिलं नाही.

“त्यासनं काय लिखशात, दादा? दिनभर खाटवर बठी ऱ्हातस, आनि आम्हले सांगतस, हात चालाडा.”