जायफळाचे अकरा नर

चौलच्या आमच्या वाडीत पोफळींची मुळं कुजायचा रोग आला. शेंडे पिवळे पडले आणि एकेक झाड आडवं होऊ लागलं. दादा, माझा थोरला भाऊ, ठाण्याला असतो. वाडी दोघांची. तो म्हणाला, "विकून टाकू. होमस्टेवाला मागतोय."

"सात वर्षं दे," मी म्हटलं. "जायफळ लावतो. पीक नाही दिसलं तर खुशाल विक." दादानं दिली.

जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि फळ धरतं ते मादीलाच. बायको म्हणाली, "मादीची कलमं विकत आणा." आता मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस! नरफूल, मादीफूल फळ्यावर काढून हात दुखले माझे. मला ही अक्कल शिकवणार? शेजारच्या काकूंच्या झाडाखाली ताजं बी फुकट पडलं होतं. फुकट म्हटल्यावर आम्ही कलमं आणतोय होय! बारा रोपं जगली. "निम्म्या तरी माद्या निघणारच," मी ऐटीत सांगून टाकलं.

सातव्या वर्षी झाडं फुलली. काय ते फुलांचे झुबके! मी गावभर सांगत सुटलो. महिना गेला, फळ धरलं एकाच झाडावर. बायको शांतपणे म्हणाली, "बाकीचे अकरा नर आहेत, गुरुजी."

त्याच रविवारी दादा टपकला. नरांवर फुलं होतीच. "अरे वा, बहरलीत की! राहू दे मग वाडी," तो म्हणाला. आणि मी? खोटं बोलल्याबद्दल पोरांना ओणवं उभं करणारा मी, नुसती मान डोलावत राहिलो. शेवटी बायकोच चहा ठेवता ठेवता म्हणाली, "भावजी, यातलं एकच फळणारं आहे."

दादा माझ्याकडे वळला. गेली वाडी, मी मनात म्हटलं.

"नर छाटून त्यांच्यावर मादीची कलमं करता येतात," ती म्हणाली. "मी माणूस बघून ठेवलाय. चारेक वर्षं लागतील."

दादानं सत्तरी ओलांडलीय. त्यानं सावकाश चहा संपवला. "तोवर मी असेन नसेन," तो म्हणाला, "पण दिली चार वर्षं. याला नाही हां, तुला दिली. हा फक्त पाणी घालेल."

मी मान खाली घालून हो म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिक्षा दिल्या. ही मला झालेली पहिली, आणि वाडी राहिली म्हणून मला तिथेच, दोघांसमोर, रडू फुटलं.