वन्संचा सेट

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, कवळ्या करतात. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून हिरड्यांचं माप घेतात आणि ते आमच्याकडं पाठवतात. वन्संनी त्यात प्लास्टर ओतलं की झाला त्या माणसाचा जबडा तयार. मग त्यावर मेण, आणि मेणात एकेक दात. पेशंटचं नाव आम्हाला ठाऊक नसतं, चेहरा तर नाहीच. आमच्याकडं येतं ते नुसतं तोंड. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मागच्या खोलीतल्या फळीवरचे ते पांढरे जबडे बघून माझी बोबडी वळली होती. आता त्यांच्यातच बसून चहा पिते.

वन्संचं शिक्षण बेताचंच. पण एक इंग्रजी शब्द त्यांनी असा काही घरजावई करून ठेवलाय की विचारू नका. सेट. प्लास्टर घट्ट झालं की सेट झालं. वरचे-खालचे दात मिळून सेट. कपबशांचा सेट, टीव्हीचा सेट. मी पार्लरमधून आले की, "केस सेट करून आल्या वाटतं महाराणी!" माझं नि ह्यांचं भांडण मिटलं की, "झालं का सेट?" डोकं दुखत असलं तर आज डोकं सेट नाही. माझ्या लेकीनं एकदा डिक्शनरी उघडून दाखवली, तर त्या एवढ्याशा शब्दाचे अर्थ पान उलटलं तरी संपेनात. वन्संनी चष्मा लावून बोट फिरवत फिरवत पाहिलं. "एवढे अर्थ," म्हणाल्या, "आणि मी एकावरच अडकले."

कुठल्या, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नानंतर दोघं इथंच राहायची. त्यांचा नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाला तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणाला होता, "तिकडं सेट झालो की तुला बोलावून घेतो." आधी फोन यायचे, मग ते बंद झाले. आमचे हे शोधायला गेले तर दिलेला पत्ताच खोटा निघाला. कुणी म्हणालं अपघात झाला, कुणी म्हणालं आजारानं गेला. वर्षं उलटली, तसा सगळ्यांनी त्याला मेलेल्यात जमा केला. मी त्याला पूर्वी भाऊजी म्हणायचे. आता 'तो' म्हणते आणि माझी जीभ अजिबात अडखळत नाही.

वन्सं रडत बसल्या नाहीत, दुसरा संसारही केला नाही. त्यांचा एकच हेका. "मेला असेल तर प्रश्नच नाही. पण जिवंत असेल तर एवढंच सांगावं, का नाही बोलावलं? माझं काय चुकलं?" हे त्या जेवताना म्हणायच्या, भांडी विसळताना म्हणायच्या, कधीकधी झोपेतही. त्या एका प्रश्नापायी बाई म्हातारी झाली हो माझ्या डोळ्यांदेखत.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावाच्या पलीकडच्या टोकाला नवीन दवाखाना निघालाय, त्या डॉक्टरांकडून एक माप आलं. वन्संनी प्लास्टर ओतलं, सेट झाल्यावर लगदा सोलून काढला आणि सवयीप्रमाणं वरच्या जबड्याच्या टाळूवरून अंगठा फिरवला. अंगठा मधेच थांबला. त्यांनी जबडा खाली ठेवला, उठून हात धुतले, पुसले, परत येऊन पुन्हा अंगठा फिरवला.

"काय झालं हो?"

"पंखा बंद कर."

मी बंद केला. वाऱ्याचा टाळूशी काय संबंध, हे विचारायचं मला सुचलं नाही. 

"हे त्यांचं तोंड आहे," वन्सं म्हणाल्या.

आता हे समजून घ्या. दात पडतात, हिरड्या झिजतात, पण टाळूवरच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, बोटांच्या ठशांसारख्या. लग्नानंतर लगेचच तो स्कूटरवरून पडला होता आणि पुढचे दात तुटले होते. वन्सं तेव्हा हे काम नुकत्याच शिकत होत्या. पहिली प्लेट, म्हणजे थोड्याच दातांची कवळी, त्यांनी केली ती नवऱ्याची. त्याच्या टाळूच्या मधोमध वाटाण्याएवढं हाड वर आलेलं, आणि शेजारच्या वळीला दोन फाटे. ह्या माणसाला मी अंधारातही ओळखीन, असं त्या तेव्हा लाजत लाजत सांगायच्या.

"अहो वन्सं, जगात तोंडं काय कमी आहेत?" मी हसण्यावारी न्यायला गेले. "असेल कुणाची तरी तशीच टाळू."

त्यांनी वाद घातला नाही. आमच्याकडं एक छोटं लोखंडी यंत्र असतं, वरचा-खालचा जबडा त्यात बसवला की खऱ्या तोंडासारखी उघडझाप करता येते. त्यात त्यांनी ते दोन्ही जबडे बसवले, समोर ओढून घेतले आणि हळूच उघडले. मिटले. टक. पुन्हा उघडले. टक.

"बोला," वन्सं म्हणाल्या. "का नाही बोलावलंत?"

आई शपथ सांगते, अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपार, खाली भाजीवाला ओरडतोय, आणि माझी नणंद प्लास्टरच्या बोळक्या तोंडाला जाब विचारतेय. तोंड उघडत होतं, मिटत होतं. टक. वन्सं मान तिरकी करून ऐकत होत्या. मला वाटलं, आता हे बोललं तर मी इथंच मरेन. मी पंखा लावून टाकला आणि मुद्दाम भांडी आपटत बसले.

पुढं त्यांनी बाकीची सगळी कामं बाजूला सारली. मेणात दात बसवताना एक दात जरा वळवून लावला. मी म्हटलं, "अहो, हा वाकडा झाला की."

"असाच होता," त्या म्हणाल्या, नि पुढचा दात उचलला.

कवळी पक्की करण्याआधी मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसतात का, म्हणजे चावा, तोही तेव्हाच तपासतात. एरवी आम्ही कधी जात नाही. या वेळी वन्संनी फोन केला, "डॉक्टर, चाव्याची जरा शंका आहे. मी आले तर चालेल?" डॉक्टर तरुण आणि भला माणूस, त्याला आनंदच झाला. मी म्हटलं मीही येणार. एकटं कशी सोडणार होते मी त्यांना?

दवाखान्यात प्लायवूडच्या पार्टिशनमागं स्टुलावर आम्ही दोघी बसलो. वन्संनी सकाळी केस विंचरले होते, धुवट साडी नेसली होती. पलीकडं पेशंट आला, खुर्ची करकरली. तो काहीतरी बोलला. नुसतं फफ, ममम, ओला ओला आवाज. एक अक्षर कळेना. माझ्या जिवात जीव आला. वन्संच्या कानात म्हटलं, "बघा, कुणीतरी भलतेच आजोबा आहेत. चला घरी."

"आ करा," डॉक्टर म्हणाले. "हां. आता मिटा. आता मोठ्यानं म्हणा, साठ, एकसष्ट, बासष्ट."

"साठ," पलीकडून आवाज आला. "एकसष्ट. बासष्ट."

हाच आवाज. नवी नवरी असताना माजघरातून ऐकलेला, "वहिनी, पाणी द्या हो" म्हणणारा. तसाच भरदार, स वर किंचित शीळ वाजणारा. मघाशी तिथं कुणी भलताच म्हातारा होता, आणि वन्संनी केलेले दात तोंडात गेल्याबरोबर आमचा मेलेला माणूस पार्टिशनपलीकडं बसून आकडे म्हणायला लागला. "त्रेसष्ट. चौसष्ट." वन्संचे डोळे मिटलेले, आणि ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

डॉक्टरांना त्याला बोलतं ठेवायचं होतं. "आधी कधी कवळी होती?"

"पुढच्या दातांची प्लेट होती. बायकोनंच केलेली. पहिल्या बायकोनं. ती हेच काम करायची."

"अरे वा! मग आता?"

"वारली ती. झाली बरीच वर्षं."

दूध संपलंय म्हणावं, तसं म्हणाला. वर पुढं सांगत बसला, थोरला मुलगा नुकताच इथं सेट झालाय, धाकटीचं यंदा कॉलेज संपेल. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात वन्संनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फ झाला होता. मी वळून पाहिलं तर बाई नुसती बसलेली, डोळे उघडे, पापणी हलत नाही, श्वास चाललाय की नाही कळेना. खरं सांगू? त्या घडीला मला पलीकडच्या माणसाची भीती वाटली नाही. शेजारी बसलेल्या बाईची वाटली.

"मॅडम, या ना," डॉक्टरांनी हाक मारली. "चावा बघून घ्या."

वन्सं उठल्या. पदर सारखा केला आणि सरळ आत गेल्या. मी मागोमाग.

खुर्चीत चांगला भरलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, केस काळे केलेले. त्यानं वर पाहिलं. आधी काही नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग वरपासून उतरत गेला आणि जबडा खाली आला. वरचे दात सुटून घसरले. वन्संचा तळहात आधीच त्याच्या हनुवटीखाली होता. पडलं तर मेण तुटतं, म्हणून ती आमची सवयच असते. त्यांनी वरचे दात झेलले, दोन बोटांनी खालचेही काढून घेतले आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"तुम्ही ओळखता का यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

 मग तो बोलायला लागला. वन्संचा पदर धरला, सोडला, हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण तोंडातून फफ आणि ममम, बस. काहीतरी मोठी लांबलचक हकिगत होती. मधेच तो बोटानं दूर कुठंतरी दाखवायचा, मधेच कपाळावर मारून घ्यायचा. कधीतरी दातांसाठी हात पुढं केला, तर वन्संनी आपला हात मागं घेतला. हिसका नाही, काही नाही. नुसता मागं घेतला.

"वन्सं, द्या ना ते दात!" मला राहवेना. "काय म्हणतोय ते कळू तरी द्या!"

त्या ऐकत राहिल्या. शेवटपर्यंत, सगळं, एकदाही न थांबवता. तो दमून गप्प झाला तेव्हा त्या डॉक्टरांकडं वळल्या. "चावा बरोबर आहे. कवळी पक्की करून शनिवारी पाठवते."

बाहेर येईपर्यंत मी कशीबशी कळ काढली आणि रस्त्यातच बरसले. "अहो, जन्मभर एकच प्रश्न विचारलात! सगळ्यांची डोकी खाल्लीत! आणि आज तो उत्तर देत होता तर दात हातात धरून बसलात?"

वन्सं चालत राहिल्या. पिशवीतला दातांचा डबा त्यांनी छातीशी धरला होता.

"दात लावून तो काय बोलला, ते ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "मी केलेल्या दातांनी मला मारून टाकलं त्यानं. आता त्याच दातांनी माझी समजूत घालणार होता."

मग त्या फुटपाथच्या कडेला बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भर रस्त्यात मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.